भिंगुरटीचं घर

आमच्या खर्ड्याकडच्या गावात त्या माशीला सरळ कुंभारीण म्हणत. लांब लोंबते पाय, कंबर इतकी बारीक की पुढचं अंग मागच्या अंगाला कशानं धरून ठेवलंय असं वाटावं. हौदाजवळच्या ओल्या मातीची गोळी तोंडात धरून ती घरात यायची आणि तुळईला, खुंटीमागं, नाहीतर दिव्याच्या कोनाड्यात बोराएवढी मडकी घडवत बसायची. मडकी घडवते म्हणून कुंभारीण, यात खोल काही नव्हतं. गावातली खरी कुंभारीण शेवंताबाई तिला आपली जाऊ म्हणायची आणि वर सांगायची, "माजी जाऊ लई गुनाची, पर मडकं इकत न्हाई." मुलांचे गाल फुगले की तिच्या रिकाम्या घराची माती पाण्यात कालवून गालाला थापायची, आणि ती वाळून तडकेपर्यंत आम्ही हसायचं नाही असा दंडक होता. ज्या घरात नवी सून असे तिथं कुंभारणीनं घर केलं की बायका सुनेकडं बघून डोळे मिचकावायच्या. औषध आणि थट्टा, एवढीच त्या नावाची मजल होती.

हल्ली मी नगरमध्ये मुलाच्या फ्लॅटमध्ये राहते. पाट्यांवर अहिल्यानगर आलं आहे, माझ्या तोंडातून अजून नगरच निघतं, आणि माझी नात मला टोकते. ती शेतकी कॉलेजात आहे. मागच्या महिन्यात कुलरच्या प्लगच्या भोकात मातीचा गोळा सापडला तेव्हा तिनं त्या माशीचं लॅटिन नाव मला सांगितलं, ते मी लगेच विसरले. मग तिनं विचारलं, "आजी, तुम्ही हिला काय म्हणायचात?" मी कुंभारीण म्हणाले. ते खोटं नव्हतं, पण पुरतं खरंही नव्हतं. माझ्यापुरतं ते नाव एका हिवाळ्यात बदललं, आणि कसं बदललं ते मी घरात कुणाला सांगितलेलं नाही. चाळीस वर्षं पोरांना शिकवलं, बोलायला कधी घाबरले नाही, पण ही गोष्ट तोंडाशी आली की मी चहा ठेवायला उठायची. आता लिहूनच टाकते.

दसरा झाला की आमच्या गावाचे निम्मे दरवाजे बंद व्हायचे. बैलगाड्यांवर पत्रे, कणगी, कोंबड्या, लेकरं लादून माणसं ऊसतोडीला निघायची आणि पार चैत्रात परतायची. आई-आबांबरोबर मीही जायची, त्यामुळे माझी शाळा दर वर्षी पावसाळ्यापुरतीच. मी तिसरीत गेले तेव्हा आबांनी ठरवलं की पोरीला या खेपेला सुप्याजवळ मावशीकडं ठेवायची. मावशी आईची थोरली बहीण. तिचे मालक, ज्यांना सगळे नाना म्हणत, घरचे बरे होते, विहीर होती आणि शाळा वस्तीपासून हाकेच्या अंतरावर होती. मावशीची एकुलती एक शोभा आदल्या वर्षी तापानं गेली होती. ती माझ्याहून महिन्यानं मोठी, आणि लहानपणी लोक आम्हा दोघींना जुळ्या समजायचे. तिच्या वेळी मावशीचं काहीतरी अडलं होतं, त्यानंतर तिला मूल होणार नव्हतं, हे सगळ्यांना माहीत होतं.

आम्ही पोचलो तेव्हा मावशी दारात उभी होती. ती आईशी बोलली नाही. माझ्या डोक्यावर तिनं आडवा तळहात ठेवला, तो तसाच सरळ स्वतःच्या छातीपर्यंत नेला आणि म्हणाली, "येवढीच झाली आसती." आई दुसऱ्या दिवशी गाडीवर बसून गेली. मी रडले, पण फार नाही. त्या घरात रोज दूध होतं.

घर तीन खणांचं, वर मातीचं माळवद. भर दुपारीही आत थंड असायचं आणि बाहेरचा आवाज आत येताना जरा उशिरा आल्यासारखा वाटायचा. मधल्या खोलीत जातं, त्याच्या वर कोनाडा, आणि कोनाड्यात कुंभारणीची चार मडकी ओळीनं, पाचवं अर्धं. ती माती घेऊन आली की बारीक आवाज यायचा, ओठ मिटून कुणी गुणगुणावं तसा. दळताना मावशीही तसंच करायची. आमच्याकडच्या बायका जात्यावर मोकळ्या गळ्यानं ओव्या म्हणत. मावशीच्या ओव्यांतले शब्द शोभाबरोबर गेले होते, नुसता सूर राहिला होता. कधी कधी मी अंगणातून आत यायची तेव्हा आवाज येत असायचा आणि जात्यावर कुणी नसायचं, मग मी कोनाड्याकडं बघायची. कधी तिथंही कोणी नसायचं.

शेजारची जनाकाकू एकदा पीठ मागायला आली, कोनाड्याकडं बघून सवयीनं बोलून गेली, "कुंभारनीनं घर बांधलं की गं, औंदा पाळना हलनार बग." आणि मग तिनं जीभ चावली.  मावशीनं पीठ मोजून दिलं, दार लावलं आणि कोनाड्यासमोर उभी राहिली. मला वाटलं आता ती ती मडकी फोडणार. तिनं हात वर नेलाही होता, पण तसाच खाली घेतला.

एका एकादशीला नाना फराळाला बसले होते. भगर, शेंगदाण्याची आमटी, आणि उपास नसलेल्या मला भाकरी. जेवण झाल्यावर मी काडी घेऊन सगळ्यात जुनं मडकं कोरायला गेले, तर नाना ओरडले. ते भजनी मंडळात टाळ धरायचे आणि त्यांच्या तोंडी पोथी-कीर्तनातले शब्द असायचे.

"आगं हात लावू नगं, भिंगुरटी हाय ती."

"कुंभारीन हाय," मी म्हणाले.

"तुमच्याकडं आसंल. भिंगुरटी म्हंजी गुरू. ती आळी धरून आनती, ह्या मातीच्या घरात कोंडती, दार लिपून घेती. आन् मंग भाईरून तिच्याभवती गुनगुनत ऱ्हाती. आळीला दुसरं काय ऐकूच येत न्हाई, दुसरं काय सुचत न्हाई. तिचंच ध्यान करता करता एक दिस आळीची आळी ऱ्हात न्हाई. भिंगुरटी हुती आन् घर फोडून भाईर पडती. शिष्यानं गुरूचं ध्यान आसं करावं."

मावशी भांडी आवरत होती. तिचा हात थांबला. "किती दिस लागत्यात?" तिनं विचारलं.

"कशाला?"

"आळीला. भिंगुरटी व्हायला."

नाना हसले. "मनापून ध्यान केलं तं लई न्हाई लागत."

त्या भल्या माणसाच्या मनात पाप नव्हतं. पण जनाकाकूच्या कुंभारणीनं मावशीला जे दिलं नव्हतं ते नानांच्या भिंगुरटीनं दिलं. कुंभारीण म्हणजे आपल्या पोटी लेकरू, ते तर आता व्हायचं नव्हतं. भिंगुरटी मात्र दुसऱ्याचं आणते, कोंडते आणि आपल्यासारखं करते. कीर्तनातला दाखला लोक ऐकतात, माना डोलावतात आणि घरी जाऊन विसरतात. मावशी विसरली नाही, तिनं तो करून पाहायचं ठरवलं.

दुसऱ्या दिवशी पेटीतून निळ्या फुलांचा फ्रॉक निघाला. मला बरोबर बसला. माझा भांग मधोमध असायचा, तो मावशीनं डावीकडं नेला. ठेच्याला मी हात लावला तर म्हणाली, "तुला तिखट सोसत न्हाई," आणि दुधात गूळ-भाकरी कुस्करून पुढं ठेवली. खर्ड्याकडची पोर मी, करडईच्या तेलात ठेचा कालवून खाणारी. चार दिवस ती दूध-भाकरी घशाखाली उतरेना. पाचव्या दिवशी मी दुसऱ्यांदा मागून घेतली. आणि त्याच आठवड्यात ती मला पहिल्यांदा "शोभे" म्हणाली.

सकाळची शाळा सुटून घरी आले की दार लागायचं. मावशी माझं डोकं मांडीवर घ्यायची आणि कानाशी ओठ मिटून गुणगुणायची, मधूनच सांगायची, "तुला याद हाय का, तू शेरड्यांमागं पळताना बांधावरून पडलीस, गुडगा फुटला, नानानं खांद्यावर बसवून आनली?" मला कशी आठवणार? पण ती रोज सांगायची. तो बांध, नानांच्या खांद्याचा घामट वास, रक्त पुसायला वापरलेला मुंडाशाचा शेव, सगळं सांगायची. एका दुपारी मी फ्रॉक वर करून गुडघा बघितला. तिथं वण होता. तो माझाच असणार, दुसरा कुणाचा असेल? पण तो कशानं झाला हे मला आठवेना, आणि बांधावरून पडलेलं मात्र लख्ख आठवत होतं. आज साठी उलटली, वण आहे, आणि अजूनही मला आठवतो तो बांधच.

मी तिथं दुःखात होते असं म्हणणं लबाडी होईल. फडावर मी धाकट्या भावाला कडेवर घेऊन उसाच्या शेंड्यांची वाढं बांधायची, पाचटाच्या कोपीत निजायची. इथं केसांना तेल होतं, रिबिनी होत्या, कुणीतरी माझ्या येण्याची वाट बघत होतं. मावशी जेवू लागली, अंगानं भरली, एकदा तर मोठ्यानं हसली. नाना सुरुवातीला तिच्याकडं चमकून बघायचे. त्यांना ते खटकत होतं, पण बाई सावरली होती, मग बोलणार कोण? एक दिवस शेतातून येऊन ते पडवीत टेकले आणि म्हणाले, "शोभे, पानी आन." मी आणलं. तांब्या हातात घेतल्यावर त्यांच्या लक्षात आलं. ते पाणी प्यायले आणि त्यांनी मान खाली घातली.

जनाकाकूनं नानांची ती गोष्ट भजनात ऐकली होती. तिनं दोन आणि दोन चार केले. महिन्याभरात वस्तीवर मावशीचं नावच भिंगुरटी पडलं आणि शाळेत पोरं मला भिंगुरटीची आळी म्हणू लागली. माशीचं नाव बाईला चिकटलं. मावशीच्या कानावर ते गेलं तर तिला राग आला नाही. तिनं माझे केस विंचरता विंचरता विचारलं, "खरंच म्हनत्यात का?" आणि ती खूश दिसली. मला त्या वेळी पहिल्यांदा तिची भीती वाटली.

शिमगा झाला, ऊन तापलं. मी अंगणात शेंगा फोडत बसले होते. मागून कुणीतरी हाक मारली, "चंद्रे!" मी शेंगा फोडत राहिले. पुन्हा, "ए चंद्रे!" मला वाटलं, जनाकाकूकडं कुणी पाव्हणी आली असेल. मग एक काळा पडलेला, भेगाळलेला हात माझ्या खांद्यावर आला आणि मी वर बघितलं तर आई. ती वाळली होती, ओळखू येत होती, पण मी उठले नाही. फ्रॉकवरून, भांगावरून तिची नजर फिरली. आबा मागं उभे होते. आई एवढंच म्हणाली, "तुला हाक मारली की गं."

जेवणं झाल्यावर मावशीनं विषय काढला. "सखू, पोर माज्या वटीत घाल. कायमची. फडावर तिचं काय हुनार हाय?"

 आबा विडी विझवत म्हणाले, "अक्का म्हनती ते खोटं न्हाई. शिकंल तरी पोरगी." त्यांचा आवाज बारीक झाला होता. माझ्यासाठीच ते बोलत होते, हे मला आता कळतं.

"तिलाच इचारा," आई म्हणाली आणि माझ्याकडं वळली. "ऱ्हाती का येती?"

सगळे माझ्याकडं बघत होते. मी तोंड उघडलं आणि "आई" म्हणाले, पण म्हणताना बघत होते मावशीकडं. ते मी ठरवून केलं नव्हतं. आईनं पदर तोंडावर घेतला. आणि मला कळेना की आता मी नक्की कोण आहे आणि कुणी ठरवायचं. मग मला एकच सुचलं. कोनाड्यातलं शेवटचं मडकं लिपून बरेच दिवस झाले होते. ते फोडायचं. आत भिंगुरटी असली तर आळीचं झालं, म्हणजे माझंही झालेलंच असणार, मग जायचं कुठं? राहायचं. आणि आत आळीच असली तर अजून वेळ गेलेली नाही, आईबरोबर जायचं. नऊ वर्षांच्या डोक्याला हा न्याय पुरेसा वाटला. मी उलथणं उचललं आणि जात्यावर चढले.

मावशी किंचाळत धावली, तोवर मडकं फुटून जात्यावर पडलं होतं. आत भिंगुरटी नव्हती. सहा-सात हिरव्या अळ्या दाटीवाटीनं रचल्या होत्या, आणि त्यांच्यात एक पांढरा, बिनपायाचा, गुबगुबीत किडा तोंड खुपसून बसला होता. एका अळीचं मागचं अंग संपलं होतं. मावशीनं ती अळी तळहातावर घेतली. बोटानं तिला शिवली. अळी पळाली नाही, वळवळली नाही, फक्त तिचे पुढचे पाय हलले.

"जित्ती हाय," मावशी म्हणाली.

 नाना वाकून बघत होते. "पोथीत तं..." ते म्हणाले.

"जित्तीच हाय," मावशी पुन्हा म्हणाली. "आन् त्ये खातंय तिला."

 मग तिनं अळी परसात नेऊन पालापाचोळ्यावर ठेवली, हात धुतले, आणि फणी घेऊन आली. मला पुढ्यात बसवलं. रिबिनी सोडल्या, पाण्याचा हात लावून डावीकडचा भांग मोडला आणि मधोमध नवा पाडला. भांग सरळ आला. गुणगुणणं नव्हतं. घर इतकं शांत मी कधी ऐकलं नव्हतं.

"चंद्रकला," ती म्हणाली. त्या घरात माझं पूर्ण नाव त्या दिवशी पहिल्यांदा कुणी घेतलं. "जा बाय आईसंगं." आणि मग आईला म्हणाली, "सखू, मी तिचं वाईट न्हाई गं केलं." आई तिच्या गळ्यात पडली. त्या दोघी रडत होत्या तेव्हा मी निळा फ्रॉक काढून घडी घालत होते. घडी मला मावशीकडच्या पद्धतीची आली.

पुढं मी आश्रमशाळेत शिकले, मास्तरीण झाले. माझी नात सांगते, ती माशी अळीला डंख मारून लुळी करते, जिवे मारत नाही, कारण मेलेली अळी सडेल आणि तिच्या पिल्लाला ताजं लागतं. गुणगुणणं म्हणजे माती बसवताना होणारी अंगाची थरथर. जुन्या माणसांना आत गेलेली अळी आणि बाहेर पडलेली माशी एवढंच दिसलं, मधलं त्यांनी भक्तीनं भरून काढलं, असं, स्वतःचं काही न सांगता, मीच तिला समजावलं. तिला गंमत वाटली. मला भिंगुरटी हा शब्द कीर्तनात ऐकू आला तर आजही मी उठून बाहेर जाते.

नाना गेले त्याला बरीच वर्षं झाली. मावशी आहे. नव्वदीला आली, दिराचा मुलगा आणि सून तिचं करतात. वस्तीच्या तिन्ही बाजूंनी कंपन्यांच्या भिंती आल्या, पण घर तसंच आहे, आणि टेम्पोवाले पत्ता सांगताना "भिंगुरटीच्या घरापासून डावीकडं" असं सांगतात. कुणाला ते आडनाव वाटतं, कुणाला एखाद्या देवीचं ठाणं. एका रिक्षावाल्यानं तर मला विचारलं की नवस काय बोलायचा असतो.

गेल्या चैत्रात मी तिला भेटायला गेले. दुपारची वेळ, सून विहिरीवर, दार उघडं. मावशी मधल्या खोलीत खाटेवर बसली होती. मी उंबऱ्यावर उभी राहिले तशी तिची मान वर झाली, चेहरा उजळला आणि ती म्हणाली, "शोभे, ये की आत. उन्हात का हुबी?"

इतक्या वर्षांनंतर माझ्या घशात आपोआप ओ आली. ती मी गिळली. मला भीती वाटली, आणि भीतीहून जास्त लाज वाटली, की एका म्हातारीला दोन अक्षरांचं सुख द्यायला मी अजून घाबरते. "मावशी, मी चंद्री," मी म्हणाले.

"आगं मला दिसतंय की," ती म्हणाली. तिचे डोळे माझ्यावर नव्हते, माझ्या खांद्यामागं होते. "तुला न्हाई म्हनत मी. तू गेलीस तवा ती ऱ्हायली ना हितंच. रोज येती. आज तू वाट आडवून हुबी ऱ्हायलीस."

मागे अंगणात काहीच आवाज नव्हता. मी वळून बघितलं नाही.

"सरक की जरा," मावशी म्हणाली.

मी सरकले.